‘रक्तमनोरा’: शंभरपैकी एक्केचाळीस

४ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,
अनेक आशीर्वाद.

दुपारी कधी कधी मला एक आवाज ऐकू येतो. सातवीचा वर्ग, खिडक्या सताड उघड्या आणि सगळी पोरं नावाड्याची कविता चालीवर म्हणताहेत. ‘हाक मार रे, हाक मार, तीर अजून दूर...’ सगळा वर्ग ‘दूर’वर एकदम येऊन थांबायचा. मग मागच्या बाकावरून एक एकटा ‘दूर’ मात्राभर उशिरा यायचा, जसा काही खरंच नदी ओलांडून आला. तो तुझा बाप. शाळेत मी त्याचा सर, घरी बाबा, आणि दोन्हीकडे तो एक मात्रा मागे. परवा असाच ऐकत बसलो होतो, तर दारात पोस्टमन तुझं पार्सल घेऊन उभा.

पप्पांनी तुझा फोन कपाटात बंद केला हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्यामुळे या घरात कितीतरी वर्षांनी हाताने लिहिलेलं पत्र आलं, तेव्हा मी आपला गप्प राहतो.

आता पुस्तक. ‘आजोबा, जन्मभर पेपर तपासलेत, आता याला मार्क द्या,’ असं तू लिहिलं आहेस. दिले. शंभरपैकी एक्केचाळीस. त्यातले सहा मुखपृष्ठावरच्या रक्ताच्या थेंबाला आहेत. तो कुणीतरी फार मन लावून काढला आहे.

गोष्ट मला कळली की नाही ते आधी बघ. एक राखेने झाकलेलं शहर आहे. सूर्य दिसत नाही, त्यामुळे रक्तपिशाच्चांचं राज्य आलंय. सोळा वर्षं पुरी झालेली हुशार मुलं निवडून एका मनोऱ्यात नेतात आणि त्यांचं रोज थोडं थोडं रक्त काढतात. आईबाप रडत नाहीत. उलट त्यांना सन्मानपत्र मिळतं आणि ते दिवाणखान्यात टांगतात. आपली नायिका निवडली जाते. आत तीनशे वर्षांचा एक पिशाच्च तरुण तिच्यावर भाळतो, बाहेर एक कुलुपं दुरुस्त करणारा पोरगा आधीच भाळलेला आहे. शेवटी ती पळते.

दोष सांगतो. तीनशे वर्षं जगलेला माणूस कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरासारखा कसा बोलतो? तीनशे वर्षांत माणसाने निदान एखादी कविता तरी पाठ केली असती. त्याचे डोळे दुसऱ्या प्रकरणात राखाडी, सातव्यात हिरवे, बाराव्यात ‘जुन्या सोन्यासारखे’. नायिका दर तिसऱ्या पानावर ओठ चावते. रक्ताचा तुटवडा असलेल्या राज्यात हे शोभत नाही. या शहरात सगळे प्रेम करतात किंवा बंड करतात, पण झाडलोट कोण करतं? धान्य कोण पिकवतं? सूर्य नाही म्हटल्यावर भाजी कुठून येते? एवढ्या मोठ्या पुस्तकात कुणी एकदाही भांडी घासलेली नाहीत. उद्गारचिन्हं तर अशी टाकली आहेत की जणू त्यांचा कारखाना लेखिकेच्या काकांचा आहे.

पण सर्वांत मोठे दोन दोष वेगळेच. पहिला, पिशाच्चं म्हणे आतून कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाहीत. ज्यांचं राज्य, ते दारात उभे राहून परवानगी मागतात! मग राज्य कसलं? याचे दहा मार्क कापले. दुसरा, जगातले कोणते आईबाप आपल्या पोटच्या पोरांना मिरवत मिरवत पिशाच्चांकडे नेऊन सोडतील? इथे बाईंची कल्पना अगदी मोकाट सुटली.

गुणही आहेत. मनोऱ्यातली मुलं अंधारात झोपण्यापूर्वी एकापाठोपाठ एक आपापली नावं म्हणतात, विसरू नयेत म्हणून. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. तिथे शेऱ्याऐवजी मी नुसती एक बरोबरची खूण केली.

पुस्तक परत पाठवत आहे. लाल पेनाने तपासलं आहे.

तुझा,
आजोबा

११ नोव्हेंबर

आजोबा,

एक्केचाळीस??? आणि लाल पेन??? पुस्तक माझं नाही हो! माझ्या मैत्रिणीचं आहे! तुम्ही छापलेल्या पुस्तकातल्या चुका दुरुस्त केल्यात! पान अठ्ठ्याऐंशीवर नायिका म्हणते ‘मी तुझ्याविना मरेन’ आणि तुम्ही शेजारी लिहिलंय, ‘आधी जेव.’ मैत्रीण एक तास माझ्याशी बोलली नाही. मग तिने ते पान वर्गात फिरवलं. आता वर्गातल्या सगळ्या मुली तुमचे शेरे वाचायला पुस्तक मागतायत. पप्पा म्हणतात तसं तुम्ही खरंच कशालाही सोडत नाही.

डोळ्यांचा रंग मला मान्य. भांडी पण मान्य. प्रेमाचा त्रिकोण मलाही कंटाळवाणा वाटतो, कुलूपवाला एवढा चांगला आहे की तो कुणाच्याच लक्षात राहत नाही. पण दाराचे दहा मार्क कापलेत ते मला मुळीच मान्य नाही. तोच तर या पुस्तकाचा जीव आहे! त्यांच्याकडे सैन्य आहे, मनोरा आहे, सगळं आहे. तरी घर तुमचं आहे हे त्यांनाही मानावंच लागतं. ते तुमच्याकडून ‘ये’ म्हणवून घेतात. आणि लोक म्हणतात! स्वतः हसत हसत म्हणतात, ‘या ना, आत या.’ भीती ती आहे, आजोबा. दात नाहीत.

आणि ‘कोणते आईबाप मिरवत नेऊन सोडतील’ असं तुम्ही विचारलंय ना? सोबत मनोऱ्याची माहितीपत्रिका जोडली आहे. आमच्या फ्रिजवर पप्पांनी एक चुंबकाने लावली आहे, ही दुसरी प्रत. निवड झालेल्यांच्या यादीत माझं नाव आहे. नवी बॅच जानेवारीत. पप्पांनी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगून झालं. दंडाला रबर बांधतात, ‘मूठ आवळा’ म्हणतात आणि लगेच, ‘आमच्या मुलीची निवड झाली बरं का!’ पेशंट बिचारा सुई टोचलेली असताना अभिनंदन करतो.

आता मला नीट, मन लावून एक सांगा. नायिका पळते तो भाग तुम्हाला कसा वाटला? तुम्ही तिथे फक्त ‘छे!’ असं लिहिलंय. छे म्हणजे काय? ती कशी पळायला हवी होती?

तुमची,
टिटवी

१७ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

मैत्रिणीची माफी माग. नवी प्रत मी घेऊन देईन, पण तपासलेली प्रत माझ्याकडे परत पाठव. एकदा तपासलेला पेपर मी बाहेर राहू देत नाही, ही जुनी खोड.

तुझी ‘माहितीपत्रिका’ वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत हसलो. अगं, काय झकास विडंबन केलं आहेस! आणि छपाई किती हुबेहूब, हे हल्ली संगणकावर करता येतं वाटतं. ‘पालकांनी भेटीचा आग्रह धरू नये, भेटीनंतर विद्यार्थ्याची गती मंदावते.’ ‘खिडक्यांना दुधी काचा बसवलेल्या असल्याने लक्ष विचलित होत नाही.’ ‘दररोज चाचणी. दररोज क्रमांक. क्रमांक घसरल्यास पलंग बदलण्यात येतो.’ हे पलंग बदलण्याचं तर मूळ लेखिकेलाही सुचलं नसतं! शेवटी ती ओळ, ‘तुमचे मूल आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला डॉक्टर देऊ.’ वा! एवढंच म्हणेन, किंचित अतिशयोक्ती झाली. विडंबनातसुद्धा वाचकाचा विश्वास बसेल इतपतच ताणावं. तुला शंभरपैकी बहात्तर.

आता पळण्याचं प्रकरण. ‘छे’ म्हणजे छेच. ग्रहणाची रात्र, सातवा मजला, पडद्यांना गाठी मारून ही खाली उतरते. अंगात पांढरा झगा, केस मोकळे, पाय अनवाणी. हे बंड नव्हे, हे सर्दीला आमंत्रण आहे. आणि पळून जाते कुठे? तर जंगलात. जंगलात काय ठेवलंय? पहिल्याच सकाळी भूक लागेल तेव्हा पुन्हा मनोराच आठवेल.

मी लिहिलं असतं तर ती शनिवारी सकाळी, दिवसाढवळ्या निघाली असती. पाठीवर शाळेचं दप्तर. पाठीवर दप्तर असलेल्या मुलीला या जगात कुणी अडवत नाही. दप्तरात स्वेटर, पाण्याची बाटली, डबा. साधी बस, ड्रायव्हरच्या मागची जागा, म्हणजे शेजारी कोण बसेल ही काळजी नाही. आणि जायचं कुठे, तर दूरच्या गावी एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाकडे, ज्याच्या घरी जादा खाट आहे आणि ज्याला फार प्रश्न विचारायची सवय नाही. लेखिकेने नायिकेला एकही धड नातेवाईक दिलेला नाही, त्याची ही शिक्षा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. नायिका कितीही बंडखोर असो, घरच्यांसाठी टेबलावर चिठ्ठी ठेवून जाते. कुठे जाते, कोणत्या बसने, बस किती वाजता, काळजी नसावी. एवढंही न करता जी पळते, तिच्याविषयी वाचकाला माया कशी वाटेल?

तुझा,
आजोबा

२२ नोव्हेंबर

आजोबा,

पुस्तक पाठवलंय. मैत्रिणीने नव्या प्रतीवरही तुमचे शेरे हवेत असं म्हटलंय, पण ते नंतर.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आजोबा, तुम्ही किती हुशार आहात! मला कळलं. म्हणजे पप्पांनी उघडून वाचलं असतं तरी त्यांना ती समीक्षाच वाटली असती. विडंबन काय, बहात्तर मार्क काय! मी हसून हसून लोळले आणि मग मला थोडं रडू आलं, कारण मला वाटत होतं माझ्या बाजूने कुणीच नाही.

एकच प्रश्न. तुमच्याकडे जादा खाट आहे ना?

टिटवी

२६ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

ती समीक्षाच होती. दुसरं काय असणार?

खाट आहे. तुझ्या आजीची शिलाईयंत्राची खोली आहे ना, तिथे. खाटेवर सध्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, पण ते हलवता येतील. मात्र कादंबरीच्या चर्चेत माझी खाट कुठून आली ते कळलं नाही. समीक्षकाने असं मूळ मुद्द्यापासून भरकटू नये.

खोलीची खिडकी पूर्वेकडे आहे. सकाळी ऊन थेट उशीवर येतं. पिशाच्चांना चालणार नाही अशी खोली आहे, एवढं सांगतो.

आजोबा

५ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

टिटवी सुखरूप घरी आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं मी रागात लिहिणार आहे.

शनिवारी सकाळी ती घरातून पळाली. दिवसाढवळ्या. पाठीवर शाळेचं दप्तर, दप्तरात स्वेटर, बाटली, डबा. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसली होती. टेबलावर चिठ्ठी होती. तुमच्याकडे जाते, अमुक बस, अमुक वाजता, काळजी नसावी. वेळ लिहिलेली होती म्हणूनच बस सुटायच्या आत मी पोचलो. कंडक्टर मला म्हणाला, ‘साहेब, एवढी शिस्तीत पळणारी पोरगी मी पाहिली नाही.’ दप्तरात तुमचं पत्र सापडलं. तिने त्यातल्या ओळी लाल पेनाने अधोरेखित केल्या होत्या. ही सवय कुठून आली ते सांगायला नको.

बाबा, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. फक्त माझ्या मुलीला बिघडवू नका.

तुम्हाला माझं काम कधी आवडलं नाही हे मला माहीत आहे. लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, नळीवर नाव लिहायचं. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. रिपोर्ट मी तयार करतो, खाली सही डॉक्टरांची असते. ते आठवड्यातून दोनदा येतात, उभ्या उभ्या गठ्ठ्यावर सह्या करतात आणि जातात. परवा एक बाई मला म्हणाल्या, ‘तुम्ही नका सांगू, सही करणाऱ्यांना बोलवा.’ त्या सहीच्या जागी टिटवीची सही हवी, एवढंच मला पाहिजे. त्या निवासी क्लासची निवड परीक्षा पास होणं खायचं काम नाही. ती पास झाली. आणि तुम्ही त्या माहितीपत्रिकेला विडंबन म्हणालात!

तुम्ही मला पहाटे उठवून कविता पाठ करून घेतल्यात. आजवर कुणाचंही रक्त काढताना मला त्यांचा उपयोग झालेला नाही.

ती कचरा कादंबरी तुमच्याकडे आहे असं ती म्हणते. ती तिला पुन्हा पाठवू नये, ही विनंती.

आपला,
मुलगा

९ डिसेंबर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि उगीचच शिलाईयंत्राच्या खोलीत जाऊन खाटेवरचे गठ्ठे खाली ठेवले. ती माहितीपत्रिका खरी आहे हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. पुन्हा काढून वाचली. या वेळी हसू आलं नाही. ज्याला मी अतिशयोक्ती म्हणालो, तो तपशील निघाला. समीक्षक म्हणून माझी याहून मोठी फजिती झालेली नाही.

तिला पळवायचं असतं, तर चिठ्ठी ठेव, त्यात बसची वेळ लिही, असं मी कशाला सांगितलं असतं? माझं पत्र म्हणजे साहित्यचर्चा होती, वेळापत्रक नव्हतं. तिला ते वेळापत्रक वाटलं. मला तिचं वेळापत्रक साहित्य वाटलं. तुला दोन्ही कचरा वाटतात. घरात तिघंजण वाचतात, आणि एकालाही वाचता येत नाही.

सहीचं तू पूर्वी कधी बोलला नाहीस. आता सांगितलंस, बरं झालं. मी त्यावर दोन दिवस विचार करतो आहे.

मात्र एक सांगतो. न वाचता मी आयुष्यात एकाही पोराला नापास केलेलं नाही. तू या पुस्तकाला न वाचता कचरा म्हणतोस. कचरा त्यात आहे, पण किती आणि कुठे, ते वाचून ठरव. पुस्तक तिला पाठवू नये, ही तुझी विनंती मान्य. तुला पाठवत आहे. लॅबच्या पत्त्यावर.

तुझा,
बाबा

२० डिसेंबर

आजोबा,

तुमच्यावर मी खूप रागावले होते. चिठ्ठी ठेव असं सांगितल्यामुळे सगळं फसलं. मग कळलं की तुम्हाला काही माहीतच नव्हतं आणि तुम्ही खरंच मार्क देत होतात. मग तर आणखीच रागावले. आता राग संपलाय, कारण घरात एक विचित्र गोष्ट चाललीय.

पप्पा ‘रक्तमनोरा’ वाचतायत.

लपून वाचतायत! लॅबमध्ये, काउंटरखाली धरून, दोन पेशंटच्या मध्ये. मी डबा द्यायला गेले तर त्यांनी पटकन वर रजिस्टर ठेवलं. मला वाटलं जप्त करून फाडतील. पण ते मला म्हणाले, ‘एका माणसाचं इतकं रक्त रोज काढलं तर पोरगी तिसऱ्या प्रकरणापर्यंत उभी तरी राहील का? या बाईला काही कळतं का?’ मी म्हटलं, ‘मग नका वाचू.’ तर म्हणाले, ‘वाचल्याशिवाय कसं सांगणार?’ आवाज अगदी तुमचा, आजोबा. मी मागे वळून बघितलं.

जेवताना मम्मी ट्रंकेत काय काय भरायचं ते सांगत होती. पप्पा मध्येच म्हणाले, ‘तो कुलूपवाला बरा मुलगा आहे.’ मम्मीला वाटलं ट्रंकेच्या कुलपाबद्दल बोलतायत. ती म्हणाली, ‘त्याने जास्तीचे पैसे घेतले.’ मी टेबलाखाली स्वतःला चिमटा काढला.

मग मुलं अंधारात नावं म्हणतात ते प्रकरण आलं. ते त्यांनी लॅबमध्ये वाचलं असणार, कारण त्या दिवशी ते घरी आले ते नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, ‘तिकडे क्लासमध्ये तुम्हाला रोल नंबर असतो की नाव?’ मी म्हटलं, ‘नंबर. तो पलंगावर पण लिहिलेला असतो.’ ते बोटाने टेबलावर टकटक करत बसले. टक टक, आणि मग जरा थांबून, टक.

पण आजोबा, टॅक्सी ठरलेली आहे. चार जानेवारी. ट्रंक भरून झाली. मला जायचं नाही हे मी स्पष्ट सांगितलं, एकदा रडून आणि एकदा न रडता. मला माझ्याच शाळेत राहायचंय. डॉक्टर व्हायचं नाही असंही मी म्हणत नाही, मला अजून माहीतच नाही. पण ज्या घराच्या खिडकीतून बाहेर दिसत नाही तिथे दोन वर्षं राहून मला काय व्हायचंय ते कसं कळणार? पप्पा म्हणाले, ‘पुस्तकी बोलू नकोस.’ मी म्हटलं, ‘पुस्तक तर तुमच्याकडेच आहे.’

टिटवी

२८ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पुस्तक वाचून झालं. न वाचता बोललो असं आता म्हणता येणार नाही.

रक्ताविषयी जे लिहिलंय ते जवळजवळ सगळं चूक आहे. रक्तगट न बघता पितात. बाटल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवतात, गोठत नाहीत. मनगटाची शीर म्हणून जे वर्णन केलंय ती शीर तिथे नसतेच. मुलांचं हिमोग्लोबिन कुणी तपासत नाही, आणि एवढ्या मोठ्या मनोऱ्यात मला एकही लॅब दिसली नाही. पान दोनशे दहावर तुम्ही लिहिलंय, ‘इथे जाणकाराला विचारायला हवं होतं.’ जाणकार म्हणजे मीच ना? विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

पान एकशे बासष्टवर तुमचा दुसरा शेरा आहे. नायिकेचा बाप सन्मानपत्र भिंतीवर टांगतो तिथे. ‘या बापाला लेखिकेने एकही धड वाक्य दिलेलं नाही. खिळा ठोकताना तोही क्षणभर थांबला असेल.’ हा शेरा तुम्ही माझं पत्र येण्याआधी लिहिला होता की नंतर, ते मला कळलं नाही. विचारतही नाही.

मी या पुस्तकाला बावीस देईन.

एक शंका मात्र आहे. शेवटी तो तीनशे वर्षांचा तिच्या दारात येतो. दार नुसतं लोटलेलं असतं. तो मनोरा सोडून आलाय की तिला परत न्यायला आलाय ते लेखिका सांगत नाही. तो विचारतो, ‘आत येऊ का?’ ती आतून काहीच बोलत नाही आणि पुस्तक संपतं. हा काय शेवट झाला? माणूस तिथेच उभा. तुम्हाला याचा अर्थ लागला असेल तर कळवा.

चार तारखेला टिटवीला सोडायला जातो आहे.

आपला,
मुलगा

४ जानेवारी

प्रिय टिटवी,

हे पत्र मी मनोऱ्याच्या, म्हणजे क्लासच्या पत्त्यावर लिहितो आहे. पत्ता माहितीपत्रिकेवरून उतरवून घेतला. तुला देतील की नाही कोण जाणे. नियमांत ‘बाहेरील वाचन टाळावे’ असं म्हटलंय, आणि आजोबांच्या पत्राहून जास्त बाहेरचं वाचन कुठलं असणार? ते तपासणाऱ्याने पत्र उघडलं असेल, तर त्याला माझा नमस्कार. तपासनीसबुवा, तुमच्या संस्थेचं मराठी चांगलं आहे. पण माणसाबद्दल लिहिताना ‘गती’ हा शब्द जपून वापरावा.

सकाळपासून टेबलाशी बसलो आहे. या वेळी तुझी टॅक्सी निघाली असेल. टपावर ट्रंक, आत तू, पुढे तुझे पप्पा. शिलाईयंत्राच्या खोलीत ऊन आलं होतं ते नेहमीसारखं उशीवर पडून गेलं. गठ्ठे पुन्हा खाटेवर ठेवावेत असं मनात आलं, पण ठेवले नाहीत.

तुझ्या पप्पांनी शेवटाबद्दल विचारलं, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. पत्र आल्यापासून रोज पेन हातात धरून बसतो. शेवटच्या पानाला मी पाच मार्क कापले होते आणि ‘अपूर्ण’ असा शेरा मारला होता. आता वाटतं, लेखिका तिथे आळसाने थांबलेली नाही. पुढचा शब्द तिचा नव्हताच. आतल्याचा होता. ते पाच मार्क परत देतो. आणि उंबऱ्यासाठी कापलेले दहाही परत देतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मला वाटायचं की बाहेर ताटकळणारा लाचार. पण आत बसून ‘ये’ न म्हणणाराही काही मोठा राजा नसतो.

म्हणजे छप्पन्न झाले. भांडी घासली असती, तर साठाच्या वर गेलं असतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. शेजाऱ्यांकडे कुणी आलं असेल.

नाही. माझ्या फाटकाशी आहे. या टेबलावरून खिडकीतून फाटकही दिसतं आणि पायरीही. टॅक्सी आहे. टपावर एक ट्रंक दोरीने बांधलेली आहे, कुलूप नवं आहे. मागच्या काचेला नाक लावून कुणीतरी बसलंय आणि ओठांवर बोट धरून मला गप्प राहायला सांगतंय. टिटवी, तुझ्या क्लासचा रस्ता या गावावरून जात नाही. मी नकाशात बघितलं होतं. तो अगदी उलट दिशेला आहे.

पायरीवर तुझा बाप उभा आहे. काखेत ‘रक्तमनोरा’. केस किती पांढरे झालेत याचे. ट्रंक अजून खाली घेतलेली नाही. ती कुठे उतरवायची ते त्याचं अजून ठरलेलं दिसत नाही.

दारावर वाजतंय. टक टक... टक.

दार नुसतं लोटलेलं आहे. हे घर त्याचंही आहे, ढकललं तर उघडेल, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तरी तो बाहेरच उभा आहे. पायपुसण्यावर एकदा पाय पुसून झाले, आता उगीचच पुन्हा पुसतोय.

“बाबा,” तो बाहेरून म्हणतोय, “आत येऊ का?”

बाकीचं तुला समोरच सांगेन. पेन खाली ठेवतो. उत्तर द्यायला या वेळी मला मात्राभरही उशीर व्हायला नको.